चाळीच्या फळ्यावरचा परिच्छेद

संशय घेणं हा माझा स्वभाव. दूधवाला दारात आला की मी आधी दुधाकडे बघायचो आणि मग त्याच्या तोंडाकडे. बायको म्हणायची, तुम्ही मास्तर कशाला झालात, पोलिसात जायचं होतंत. मला ते लागायचं नाही. उलट वाटायचं, माणसं जरा उलटून विचारायला शिकली तर या मुंबईतली निम्मी बडबड बंद पडेल. गिरगावात खोताच्या वाडीच्या तोंडाशी आमची दोन खोल्यांची जागा होती. तिथून मी रोज ट्रामने परळला जायचो. परळच्या एका शाळेत मी अकरावीला, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गाला, मराठी शिकवत होतो.

मराठीतही माझा जीव निबंधात. मुलांचे निबंध वाचताना अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. विषय काहीही द्या, सुरुवात ‘आजच्या विज्ञानयुगात’ने. मध्ये ‘हे सर्वांनाच ठाऊक आहे’. शेवटी ‘म्हणूनच म्हणावेसे वाटते’. अरे, सर्वांना ठाऊक आहे तर मला कशाला सांगतोस? मी लाल शाईने समासात एकच शब्द लिहायचो: कशावरून? पोरांनी माझं नावच ‘कशावरून’ पाडलं होतं. जिन्यात माझ्या पाठीमागे हळूच म्हणायचे, कशावरून आले रे. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

पहिल्याच दिवशी मी फळ्यावर पाच पापं लिहून द्यायचो. वाक्य असं लिहायचं नाही की ज्याच्याशी कोणी भांडूच शकणार नाही. ‘आंबा गोड असतो’ यावर कोण भांडणार? दुसरं, मोठमोठे शब्द पुढे करून त्यांच्यामागे लपायचं नाही. तिसरं, ‘लोक म्हणतात’ चालणार नाही, कोण म्हणतं ते सांगा. चौथं, स्वतः न पाहिलेलं पाहिल्यासारखं लिहायचं नाही. आणि पाचवं, उलट बाजूला तोंड न देता पळून जायचं नाही. त्यासाठी मी त्यांना दोन शब्द दिले होते: ‘कोणी म्हणेल’. आधी आपलं म्हणणं एका वाक्यात, मग पुरावे, मग ‘कोणी म्हणेल’ असं लिहून विरुद्ध बाजूचा सगळ्यात जोरदार मुद्दा स्वतःच मांडायचा आणि त्याला उत्तर द्यायचं. त्या वर्षी मी आणखी एक भर घातली. पुराव्यांतला सगळ्यात भक्कम पुरावा शेवटी ठेवा, म्हणजे वाचणारा तोच डोक्यात घेऊन उठतो. हे आधीच्या कुठल्या वर्गाला मी सांगितलं नव्हतं, मलाच उशिरा सुचलं.

पोरं बिचारी झटायची. एकाने लिहिलं, ट्राम बसपेक्षा चांगली, कारण माझे काका ट्राममध्ये कंडक्टर आहेत. मी म्हटलं, हा पुरावा काकांच्या नोकरीचा झाला, ट्रामच्या चांगुलपणाचा नव्हे. वर्ग हसला. तोही हसला आणि पुढच्या वेळी जरा बरं लिहिलं.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचे. गोळीबार होऊन गेलेला, भिंतीभिंतींवर घोषणा, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर साध्या वेशातले पोलीस. निदान लोकांना तसं वाटायचं. पानाच्या गादीजवळ अनोळखी माणूस जरा जास्त रेंगाळला की बोलणारे गप्प होत. आमच्या हेडमास्तरांनी तर धसकाच घेतला होता. शाळेला सरकारी अनुदान, तेव्हा शाळेत राजकारणाचा शब्द नको, निबंधात तर नकोच नको. जो विद्यार्थी आंदोलनात सापडेल त्याचं नाव पटावरून कमी होईल, अशी सूचना त्यांनी वर्गावर्गात वाचून दाखवली. म्हणून मी वादाचे विषय काढायचो ते घरगुती. त्या वर्षी मॅट्रिकच्या आधीच्या चाचणी परीक्षेसाठी मी तीन विषय आठ दिवस आधी सांगून ठेवले. त्यांतला एक होता: चाळीच्या नळाला पाणी सकाळी यावे की संध्याकाळी?

या विषयावरच्या एका उत्तरपत्रिकेने माझी झोप उडवली. ती होती शेवटच्या बाकावरच्या एका मुलीची. लालबागच्या चाळीत राहणारी, वडील गिरणीत, माणसं मूळची मालवणकडची. वर्षभरात तोंडातून अवाक्षर नाही. तिने लिहिलं होतं:

‘चाळीच्या नळाला पाणी दुपारी यावे. आठ दिवस मी नळाशी उभी राहून पाहिले. सकाळी पहिल्या पाळीची घाई असते आणि संध्याकाळी चुली पेटलेल्या असतात. भांडणे रोज झाली आणि ती रोज बायकांतच झाली. दुपारी बायकांना तासभर उसंत असते. कोणी म्हणेल, दुपारी पुरुष कामावर असतात, मग बादल्या कोण उचलणार? आताही बायकाच उचलतात.’

मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना मनात पाल चुकचुकली. मी विचारलं सकाळ की संध्याकाळ, आणि ही म्हणते दुपार! सोळा वर्षांच्या पोरीला हे सुचतं? आज खरं लिहायचं तर माझ्या मनात याहून वाईट होतं. गिरणगावातल्या, शेवटच्या बाकावरच्या मुलीला हे सुचेल हेच मला पटत नव्हतं. गिरगावातल्या एखाद्या वकिलाच्या मुलाने लिहिलं असतं तर मी शाबास म्हणून मोकळा झालो असतो. विषय आठ दिवस आधी दिलेला. कोणीतरी लिहून दिलं असणार आणि हिने पाठ करून उतरवलं असणार, अशी मी मनाशी गाठ मारली.

प्रश्न साधा नव्हता. चाचणीत लबाडी करणाऱ्याचा फॉर्म बोर्डाकडे पाठवायचा नाही, असा शाळेचा नियम. आणि तिच्या वडिलांनी मला नाव घालतानाच सांगून ठेवलं होतं की मास्तर, यंदा मॅट्रिकला बसली तर बसली, नाहीतर वैशाखात गावाला नेऊन लग्न लावून देणार, मुलगा बघून ठेवलाय. म्हणजे माझ्या संशयावर त्या मुलीचं सगळं पुढचं आयुष्य टांगलेलं होतं, आणि ते मला माहीत होतं. म्हणूनच मी ठरवलं, आपण पुराव्याशिवाय बोलायचं नाही.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी चालत लालबागला गेलो. तिच्या चाळीच्या दरवाजात भला मोठा फळा होता. कोण वारलं, भजन कुठे, पाणी कधी बंद, हे सगळं त्याच्यावर लिहिलं जायचं. आंदोलनापासून त्यावर रोज एक मजकूर येऊ लागला होता. त्या दिवशी होतं:

‘मुंबई आमची आहे. या चाळीत एकही खोली अशी नाही, जिथून कोणी गिरणीत जात नाही. कोणी म्हणेल, गिरण्या शेटजींच्या आहेत. कबूल. मग शेटजींनी एक पाळी एकट्याने चालवून दाखवावी.’

सापडला, मी मनात म्हटलं. तीच ठेवण, तोच ठसका, तेच ‘कोणी म्हणेल’. हा लिहिणारा जो कोणी आहे तोच आमच्या मुलीला निबंध लिहून देतो. ‘कोणी म्हणेल’ हे दोन शब्द मुळात माझेच, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलंच नाही. माझ्यासारखा गाढव मीच.

मी वही काढून मजकूर उतरवून घेतला. खाली वार आणि वेळ टाकली. पुरावा म्हटला की नोंद हवी. पुढच्या आठवड्यात आणखी दोनदा गेलो. फळ्यावर लिहीत होता एक पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. अक्षर मोत्यासारखं, पण त्याच्या चेहऱ्यावरून मजकूर त्याचा वाटेना. मी सहज विचारल्यासारखं विचारलं की हा मजकूर देतो कोण. त्याने खडू न थांबवता सांगितलं, चाळ देते. मी म्हटलं, चाळ म्हणजे कोण? तो म्हणाला, चाळ म्हणजे चाळ. मी तेही वहीत लिहिलं. नळावरच्या एका म्हातारीने कमरेवर हात ठेवून मला ‘कोण व्हया तुमका?’ असं विचारलं. मी काहीतरी पुटपुटलो. दोन माणसं पानाच्या गादीवरून उठून माझ्या मागोमाग रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत आली. मला वाटलं, काहीतरी लपवताहेत. आपण बरोबर वाटेवर आहोत.

तिसऱ्या खेपेनंतर मी मुलीला मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी सरळ विचारलं:

“तुमच्या फळ्यावर मजकूर कोण लिहून देतं?”

तिने माझ्याकडे बघितलं. तोपर्यंत मान खाली असायची, या वेळी नाही. म्हणाली, माहीत नाही सर.

मी म्हटलं, ठीक आहे. कागद पुढे सरकवला आणि नवा विषय दिला: शाळा सकाळची असावी की दुपारची? म्हटलं, माझ्यासमोर लिही, बघू. तिने वीस मिनिटांत लिहून दिलं. ‘आजच्या विज्ञानयुगात शाळा हे ज्ञानमंदिर आहे. ज्ञान मिळणे चांगले असते. लोक म्हणतात की सकाळची शाळा आरोग्यदायी असते. पूर्वीच्या ऋषींच्या आश्रमात सकाळी पक्षी किलबिलत व मुले आनंदाने शिकत. हे सर्वांनाच ठाऊक आहे. म्हणूनच म्हणावेसे वाटते की शाळा सकाळची असावी.’

मला इतका आनंद झाला की काय सांगू. तोंडावर मात्र मी तो दिसू दिला नाही. हा बघा पुरावा! चाचणीतलं उत्तर एका माणसाचं, समोरचं दुसऱ्याचं. मी तिला म्हटलं, चाचणीचा निबंध तुझा नाही, हे तूच सिद्ध केलंस. तिने वाद घातला नाही, रडली नाही. एवढंच विचारलं:

“सर, फॉर्म जाणार नाही का?”

मी नाही म्हटलं. ती निघून गेली. मी हेडमास्तरांना दोन्ही कागद दाखवले. त्यांनी मान डोलावली आणि बाकीच्या मुलांच्या फॉर्मांचं पाकीट त्याच दिवशी बोर्डाकडे रवाना केलं. तिचा फॉर्म माझ्या खणात राहिला.

दोनच दिवसांनी मी पुन्हा लालबागवरून चाललो होतो. खरं तर जायचं काही कारण नव्हतं, पण आपण जिंकलो की माणसाला त्या जागेवर एक चक्कर टाकावीशी वाटते. फळ्यापाशी गर्दी होती. मी टाचा उंच करून वाचलं.

‘आपल्या चाळीत येणारा कोट-टोपीवाला माणूस पोलिसांचा आहे. तो तीनदा आला आणि तिन्ही वेळा कोणाच्याही घरी गेला नाही. फळ्यावरचा मजकूर त्याने वार आणि वेळ घालून वहीत उतरवला. मजकूर कोण देतो, हे त्याने पेंटरला विचारले. आणि आपल्यातल्या एका माणसाला एकट्याने खोलीत बोलावून त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. कोणी म्हणेल, तो मास्तर आहे. असेल. मास्तराने बातमी पोचवू नये असा कुठे कायदा आहे? त्याच्याशी बोलू नका.’

लोकांनी मागे वळून पाहिलं तशी गर्दी आपोआप फाकली आणि मी एकटाच मधे उभा. कोणी हात लावला नाही, कोणी बोललं नाही. मी चालायला लागलो. पाय चालत होते आणि डोकं सवयीने तो परिच्छेद तपासत होतं. पहिल्या वाक्यात ठाम म्हणणं. मग चार पुरावे, आणि सगळ्यात भक्कम, एकट्या खोलीतला, शेवटी. भक्कम पुरावा शेवटी! हे मी जगात फक्त एका वर्गाला सांगितलं होतं, आणि त्या वर्गातली या चाळीतली एकच मुलगी होती.

मी तरी लगेच कुठे मानणार? माझा स्वभाव! म्हटलं, तिने दुसऱ्या कोणाला शिकवलं असेल. शाळेत जाऊन खणातला तिचा तो दुसरा कागद काढला, ज्ञानमंदिरवाला. पहिल्या दिवशीची माझी पाच पापं बोटांवर मोजत वाचत गेलो. भांडता येणार नाही असं वाक्य: ज्ञान मिळणे चांगले असते. मोठा शब्द: ज्ञानमंदिर. लोक म्हणतात. न पाहिलेले ऋषींचे पक्षी. आणि उलट बाजूचं नाव नाही. पाचच्या पाच, एकही राहिलं नव्हतं. ज्याला खरंच लिहिता येत नाही तो दोन चुका करतो, तीन करतो. इतकं बिनचूक वाईट लिहायला सगळं येत असावं लागतं.

मला स्वतःची लाज वाटली. निबंध माझा आहे हे सिद्ध करायला तिला फक्त नीट लिहून दाखवायचं होतं. पण नीट लिहिलं असतं तर फळ्यावरचं कोण लिहितं तेही उघड झालं असतं, आणि तेही तिच्या लेखी पोलिसांच्या माणसासमोर! नाव पटावरून कमी झालं असतं, बापाला, पेंटरला उचलून नेलं असतं. त्या वीस मिनिटांत तिने मॅट्रिक सोडून दिलं होतं, चाळीसाठी. आणि माझ्याबद्दल तिने लिहिलेला एकूण एक पुरावा खरा होता. मी तीनदा गेलो होतो, वही काढली होती, तो प्रश्न विचारला होता. मी पेन्सिल घेऊन त्या मजकुरात कच्ची जागा शोधली. सापडली नाही. निष्कर्ष तेवढा खोटा होता.

मुदत संपायला दोन दिवस होते. मी हेडमास्तरांकडे गेलो आणि म्हटलं, माझी चूक झाली, निबंध तिचाच आहे, फॉर्म पाठवा. त्यांनी चष्मा काढला. विचारलं, परवापर्यंत तुम्ही दोन कागद नाचवत होतात, आता असं काय कळलं? काय सांगणार? खरा पुरावा चाळीच्या दारात लिहिलेला होता आणि तो सांगितला तर मुलगी गेलीच. आयुष्यभर दुसऱ्याला पुरावा मागणारा मी, त्यांच्यासमोर नुसता उभा राहिलो. म्हटलं, सांगू शकत नाही. चष्मा पुन्हा लावून ते म्हणाले, “अहो, तुमच्यावर कोणाचा दाब तर नाही ना?” मी नाही म्हटलं. फॉर्मवर सही त्यांनी केली, पण त्या दिवसापासून वर्गाबाहेर उभं राहून माझा तास ऐकायला लागले.

दुसऱ्या दिवशी मुलीला सहीला बोलावलं. तिने फॉर्म वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. कोऱ्या जागांवर आडव्या रेघा मारल्या, मागून कोणी काही भरू नये म्हणून. मग सही केली. मी म्हटलं, आज रजिस्टरने टाकतो. ती म्हणाली, मी येते बरोबर. पोस्टापर्यंत ती माझ्यापासून चार पावलं मागे चालत होती. पोस्टाच्या दारात तो पेंटर आधीच उभा होता. कारकुनाने पाकिटावर शिक्का मारेपर्यंत तिने नजर हलवली नाही.

बाहेर आल्यावर मला तिला सांगायचं होतं की मी पोलिसांचा नाही. शब्द जिभेवर होते. पण त्याला आधार काय देणार होतो मी? तिच्या जागी मी असतो तर स्वतःवर काडीचाही विश्वास ठेवला नसता. मी पावती तिच्या हातात दिली. तिने ती पेंटरला दाखवली, घडी घालून ठेवली आणि मग पहिल्यांदाच आपणहून माझ्याशी बोलली.

“सर, आता आमच्या बाजूला येऊ नका. परवा माणसं तुमच्या मागे निघाली होती. मी त्यांना थांबवलं. म्हटलं, ते शिकवतात चांगलं.”

मी बरं म्हटलं. तेव्हापासून मी लालबागच्या बाजूला फिरकलो नाही.

निकालाच्या दिवशी पेपरात मी आधी तिचा नंबर शोधला. होता. दुपारपर्यंत वर्गातली मुलं पेढे घेऊन येत होती, पाया पडत होती. ती काही आली नाही. शिपायाने खिडक्या लावायला घेतल्या तरी मी बसून होतो. शेवटी त्यानेच विचारलं, सर, आणखी कोणी यायचंय का? मी नाही म्हटलं आणि टोपी घेऊन उठलो.